प्रॉम्प्टर

मनामात, गुदैबियाच्या मागच्या गल्लीत
शाळेचा हॉल शुक्रवारी तीन तास भाड्याने मिळतो.
एसीचा घरघराट एवढा
की शोकांतिकाही जरा ओरडूनच करावी लागते.
पडद्यावर वेंगुर्ल्याचा समुद्र,
रंगवणारा सोलापूरचा.
लाटा म्हणजे दोन निळ्या साड्या,
दोन इंजिनिअर पोटावर पडून त्या हलवतात.

खिडकीबाहेर खरा समुद्र होता म्हणे पूर्वी.
आता भराव, भरावावर मनोरे,
आणि रस्त्याला अजून किनाऱ्याचंच नाव.

मी विंगेत. मांडीवर संहिता, दातांत छोटा टॉर्च.
अठरा वर्षं दुसऱ्यांची वाक्यं
त्यांच्या आधी अर्धा श्वास पुटपुटते आहे.

हेरंब साटम म्हातारा तांडेल झालाय.
त्याचं गलबत पडदा उघडण्याआधीच फुटलंय.
गावाला ठाऊक, लेकीला ठाऊक,
मागच्या रांगेतल्या रडणाऱ्या पोरालाही ठाऊक असावं.
तो मात्र रोज तिन्हीसांजेला काच पुसतो, कंदील लावतो,
बुडालेल्या खलाशांचा पगार वहीत मांडतो,
म्हणतो, नारळी पौर्णिमा उलटू दे, येईल.
तिसऱ्या अंकात त्याने कंदील फुंकायचा
आणि म्हणायचं :
मला ठाऊक होतं.

तीन शब्द.
तालमीत एकदाही आले नाहीत.
दोन-दोन पानांची स्वगतं घडाघडा,
आणि इथे जीभ टाळूला.
दिग्दर्शक देवस्थळी म्हणाले, प्रयोगाच्या दिवशी येईल.
मी मान डोलावली.

मी रक्ताचे नमुने घेते, पहाटेची बस माझी.
मासळीबाजाराच्या पार्किंगमध्ये
मार्चअखेरपासून पांढरी गाडी दिसते.
आत टाय लावलेला हेरंब, मांडीवर डबा, इंजिन चालू.
क्रेन भाड्याने देणारी त्याची कंपनी बंद पडली,
हे आमच्या लॅबच्या ड्रायव्हरलासुद्धा माहीत आहे.
एकदा नजरानजर झाली.
त्याने लगेच फोन कानाला लावला, हातवारे केले,
कुणाला तरी चांगलंच झापलं.
फोनचा पडदा काळा होता.

प्रयोगाच्या रात्री कंदील विझला.
मी शब्द दिला. पुन्हा दिला.
तिसऱ्यांदा इतक्या मोठ्यांदा
की एका लाटेने दचकून माझ्याकडे पाहिलं.
तो उभाच.
हातात गरम काच, तोंड किंचित उघडं.
हॉलमध्ये कुणी खोकेना.

विंगेतून पहिल्या रांगेतली एकच खुर्ची दिसते.
तिथे सुमेधा, त्याची बायको.
मला तिचे ओठ दिसले :
मला, ठाऊक, होतं.
आवाज नाही, चूक नाही,
खूप दिवस घोकलेल्या माणसासारखे.

मग टाळ्या. माणसं डोळे पुसत उठली.
देवस्थळी त्याला मिठी मारून म्हणाले,
काय पॉज घेतलास रे!

मागे व्हरांड्यात कागदी बश्यांत इडल्या.
सुमेधा चटणी वाढता वाढता म्हणाली,
ऐन वेळी विसरतात हो हे,
सध्या ऑफिसचं काम फार आहे ना.
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की मी पुढचं वाक्य देऊ नये.
दिलं नाही.
हो ना, म्हटलं, दिसतंच आहे,
आणि अजून एक इडली घेतली, नको असताना.

रविवारी बसमधून पाहिलं.
गाडी तिथेच.
डबा आज चार खणांचा.

पर्समध्ये काहीतरी उजेड देत होतं :
टॉर्च, परवापासून चालूच राहिलेला.
तो विझवताना शेजारणीने विचारलं, सुट्टीवर कधी?
म्हटलं, सुट्टी नाही बाई,
यंदा गणपतीनंतर कायमचीच परत जाणार.

हे वाक्य मला अठरा वर्षांत
कुणीही विंगेतून द्यावं लागलेलं नाही.